मागची सीट

गुरुनाथ परुळेकर त्या दिवशी घरून निघाला, तो डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यातला बिघडलेला दाबमापक बघायला. काम तासाभराचं. सेक्टर एकोणचाळीसमधल्या सरकारी संशोधन संस्थेत तो यंत्रविभाग सांभाळायचा, आणि आसपासच्या कारखान्यांची असली कामं त्याच्याकडे येतच. जानेवारीतली सकाळ. दहा वाजून गेले होते, पण ऊन अजून जमिनीला टेकलं नव्हतं. त्या धुक्यात रस्त्याकडेची झाडं दिसत नव्हती. त्यांच्यावरून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. कुठेतरी ओला पाला जाळल्याचा वास होता.

संस्थेची जीप होती. पण गुरुनाथ जीपने कशाला जाईल? त्याच्याकडे त्याची मोटारसायकल होती.

ती गाडी म्हणजे त्याचं वेड होतं. आठशे सीसीची, जर्मन बनावटीची, दोन्ही बाजूंना सिलिंडर बाहेर आलेलं धूड. कुणा परदेशी प्रवाशाची गाडी कागदांची मुदत संपली म्हणून सरहद्दीवर अडकली, तीन वर्षं दिल्लीत कस्टमच्या शेडमध्ये धूळ खात पडली आणि शेवटी लिलावात गुरुनाथच्या पदरात पडली. पुढचे चौदा महिने त्याने तिच्यावर काढले. पेट्रोलची टाकी पोट कापून मोठी केली. संस्थेतल्या मोडीत निघालेल्या कपाटाच्या अॅल्युमिनियमच्या दोन पेट्या केल्या, आणि त्या मागे दोन्ही अंगांना बसवल्या. वाऱ्याला अडवणारी उंच काच, इंजिनाखाली दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा, आणि हॅन्डलवर स्वतःच्या हाताने बनवलेलं, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र. हे सगळं एकाच गोष्टीसाठी होतं. मनालीहून लेहला जाणारा रस्ता साध्या माणसांना आता खुला होणार असं बोललं जात होतं. गुरुनाथच्या खोलीत भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर लाल पेन्सिलीने तो रस्ता काढलेला होता.

झिरकपूरच्या नाक्यावर वाळूची पोती, आडवे टाकलेले ड्रम, पोत्यांमागून डोकावणारी मशीनगनची नळी. दिवस पंजाबच्या त्या वाईट वर्षांमधले होते. गुरुनाथने सवयीने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, हात दिसतील असे वर धरले.

हवालदार जवळ आला. त्याने गुरुनाथकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागे पाहिलं, मग मागच्या धुक्यात.

"पीछे वाला कहाँ गया?"

"कौन पीछे वाला, जी?"

"जिसको अभी उतार दिया. दो बैठे थे. मैंने आँख से देखा है."

"मैं तो घर से अकेला आ रहा हूँ."

हवालदाराने दोन शिपाई मागे पाठवले. ते धुक्यात शिरले, नाहीसे झाले, आणि पाचेक मिनिटांनी हात हलवत परत आले. कोणी नव्हतं.

"लंबा था," हवालदार हळू आवाजात म्हणाला. "लाल दाढ़ी. अंग्रेज़ था कोई."

गुरुनाथला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोहोचलं नाही. त्या काळात मोटारसायकलवर मागे माणूस बसवायला बंदी होती, कारण गोळ्या झाडणारे मागेच बसून यायचे. आणि परदेशी माणसाला खास परवान्याशिवाय या भागात पाऊलही टाकता येत नसे. म्हणजे हवालदार म्हणत होता ते खरं असतं, तर गुन्हे एक नाही, दोन झाले असते. त्याचं ओळखपत्र तीनदा उलटसुलट बघून त्याला सोडलं.

धुक्यात माणसाला काय वाटेल ते दिसतं, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. दुपारी काम आटोपून परतताना मुद्दाम पंचकुल्याकडून वळसा घालून आला. धुकं विरलं होतं, कोवळं ऊन पडलं होतं. त्या रस्त्यावरच्या नाक्यावर वेगळेच शिपाई होते, आणि त्यातल्या एकाने बंदूक सरळ केली.

"वो लाल दाढ़ी वाला कहाँ कूद गया?"

घरी आल्यावर त्याने बायकोला, शुभदाला सांगितलं. ती विद्यापीठात शिकवायची. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, पण पोलिसांच्या बंदुकीवर होता.

"अहो, गाडी ठेवा ना काही दिवस बाजूला."

"पण कशासाठी? माझ्या मागे कुणी नसतं गं. आरशात बघतो मी."

"तुम्हाला नाही दिसत. त्यांना दिसतंय. आणि बंदूक त्यांच्या हातात आहे."

खरं सांगायचं तर त्याने एक गोष्ट तिलाही सांगितली नव्हती. ब्रेक जोरात दाबला की मागे बसलेला माणूस पुढे सरकतो आणि चालवणाऱ्याच्या पाठीवर त्याचा भार येतो. तो भार गुरुनाथला गेले काही महिने जाणवत होता. पेट्यांमधलं सामान सरकत असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पेट्या मात्र रिकाम्या असत.

त्याने यंत्र जाणणाऱ्या माणसाचा उपाय केला. बसायला जागाच नको. मणिमाजऱ्याच्या बाजारात तरलोक सिंग नावाचा म्हातारा मिस्त्री होता. गाडीचं सगळं वेल्डिंग त्यानेच केलेलं. त्याच्याकडून मागची सीट कापून घेतली, पाय ठेवायच्या दांड्या उतरवल्या, आणि सीटच्या जागी सामानासाठी पत्रा ठोकला. उघडा, धारदार कडांचा.

तरलोक सिंगने गाडी ढकलून उभी केली, मागचा स्प्रिंग हाताने दाबून पाहिला आणि दाढीवरून हात फिरवला.

"बाऊजी, ये स्प्रिंग मैंने एक आदमी के हिसाब से कसा था. दो बार कसा. हर बार दो आदमी जितना बैठा हुआ वापस आता है." मग तो म्हणाला, "बुरा न मानना. किसको घुमाते हो?"

पत्रा लावल्यानंतर आठवडाभर काही झालं नाही. गुरुनाथचा जीव भांड्यात पडला. आणि मग एका मंगळवारी, लख्ख दुपारी, एका नाक्यावर शिट्टी वाजली, माणसं धावली, त्याला खाली पालथं पाडलं गेलं. गाल डांबरावर, मानेवर थंड लोखंड. वर कुणीतरी ओरडत होतं, "दूसरा किधर गया? दूसरा किधर गया?" आणि तिथे पडल्या पडल्या त्याच्या नाकाशी शिळ्या तंबाखूचा वास आला. कुणीतरी अगदी जवळ, तसंच पालथं पडलेलं असावं तसा.

त्या दिवशी तो वाचला. पण दोन दिवसांनी साध्या कपड्यांतला एक इन्स्पेक्टर घरी आला. त्याच्याकडे पाच नाक्यांचे पाच अहवाल होते आणि पाचही अहवालांत एकच वर्णन होतं. त्याने सगळ्या खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, गच्चीवरची पाण्याची टाकी उघडून पाहिली. भिंतीवरच्या नकाशापाशी बराच वेळ उभा राहिला.

"परुळेकर साहब, आप सरकारी आदमी हैं. उस विदेशी को कहाँ रखा है, आज बता देंगे तो बात यहीं खत्म."

"साहब, ऐसा कोई आदमी नहीं है."

"तो पाँच जगह के पुलिसवाले पागल हैं?"

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या संचालकांची चिठ्ठी आली: लेखी खुलासा करावा. काय लिहायचं, कुणाविषयी लिहायचं, त्याला काही सुधरेना. तो कागद समोर घेऊन बसे आणि तारीख घालून उठे.

शेवटी त्याने ठरवलं की मोजायचं. आयुष्यभर त्याने मोजण्यावरच विश्वास ठेवला होता. डेराबस्सीच्या त्याच कारखान्यात, गोदामात, औषधांचे ड्रम तोलायचा मोठा काटा होता. जमिनीच्या पातळीत बसवलेली लोखंडी फळी आणि समोर घड्याळासारखी तबकडी. तो काटा गुरुनाथने स्वतः जुळवून दिला होता. अर्धा किलोसुद्धा चुकणार नाही याची खात्री त्याला होती. जेवणाच्या सुट्टीत गोदाम रिकामं झालं तेव्हा त्याने गाडी आत ढकलत नेली. वर पत्र्याच्या छपरावर कबुतरं घुमत होती. बाकी सगळं शांत.

फळीवर गाडी एकटी उभी केली. दोनशे एकतीस किलो. बरोबर.

तो स्वतः चौसष्ट किलोचा. म्हणजे दोनशे पंच्याण्णव व्हायला हवेत. तो गाडीवर बसला आणि तबकडीकडे पाहिलं.

तीनशे एक्क्याऐंशी.

त्याच्या कानांत काहीतरी वाजायला लागलं. कबुतरं गप्प झाली होती की त्यालाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे. तो सावकाश उतरला, फळीवरून खाली आला, चार पावलं मागे गेला.

तीनशे सतरा. फळीवर फक्त गाडी होती आणि वजन शहाऐंशी किलो जास्त होतं.

आणि काटा थरथरत होता... अगदी बारीक. वजन-काट्यांशी आयुष्य काढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. निर्जीव वजन ठेवलं की काटा एका जागी ठरतो. थरथरतो तो जिवंत माणूस उभा असला तर. श्वासाने, नाडीने. मेलेल्या माणसाचं वजन असं थरथरत नाही.

"कोण आहे?" गुरुनाथने विचारलं. मराठीतच. त्याचा आवाज त्याला परका वाटला. "कोण... हू आर यू?"

काटा हलला. आधी थोडा, जणू कुणी एक पाय खाली टेकवला. मग सरळ घसरून दोनशे एकतीसवर आला आणि ठरला.

गाडी तशीच सोडून तो बाहेर उन्हात येऊन उभा राहिला. गोदामाच्या दारातून कुणी बाहेर येतंय का ते बघायचं होतं, आणि बघायचं नव्हतंही.

लिलावाच्या कागदांत जुन्या मालकाचा पत्ता होता. जर्मनीतलं एक लहानसं गाव. काट्याची थरथर बाजूला ठेवून गुरुनाथने मनाशी गोष्ट जुळवून टाकली होती: बिचारा परक्या देशात कुठेतरी मेला असणार आणि आता गाडी सोडवत नसणार. ही गोष्ट भयंकर होती खरी, पण तिला डोकं आणि शेपूट होतं. त्याने त्या पत्त्यावर चार ओळींचं पत्र टाकलं. गाडी माझ्याकडे आहे, छान चालते, आपल्या घरच्यांना कळावं म्हणून लिहितो. याउपर एक शब्द नाही.

दीड महिन्याने उत्तर आलं. सोबत फोटो होता. पाव-बिस्किटांच्या दुकानासमोर उभा असलेला उंच माणूस, पांढरा अॅप्रन, लाल दाढी. फोटोच्या मागे तारीख होती, नुकत्याच सरलेल्या मार्चची.

माणूस जिवंत होता.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने लिहिलं होतं की पत्र पाहून फार आनंद झाला. लेहपर्यंत जायचं स्वप्न होतं ते राहून गेलं, गाडी सरहद्दीवर सोडून विमानाने घरी यावं लागलं. आता दुकान आहे, दोन मुलं आहेत, तब्येत उत्तम आहे. खाली सही. आणि सहीच्या खाली, वेगळ्या पेनाने, वाकड्या अक्षरांत एक ओळ:

"एक विनंती. मागची सीट परत लावा. पत्र्यावर फार लागतं."

गुरुनाथने ती ओळ किती वेळा वाचली असेल याचा हिशेब नाही. सीट काढल्याचं त्याने लिहिलं नव्हतं. शुभदा, तरलोक सिंग आणि नाक्यांवरचे पोलीस सोडले तर ते कुणाला माहीत नव्हतं. मेलेला माणूस मागे बसतो, हे एक वेळ समजून घेता येईल. पण हा माणूस रोज सकाळी उठून पाव भाजत होता! मग इथे बसत होतं ते काय? आणि ती ओळ लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय हे ठाऊक तरी होतं का?

ते पत्र त्याने शुभदाला दाखवलं नाही. पुस्तकात दडवलं.

गाडीला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत मेजर जयंत सरनोबत होता, कोल्हापूरचा गडी, गुरुनाथचा इथला सर्वांत जवळचा मित्र. गाडीवर त्याचा पहिल्यापासून डोळा होता. मे महिन्यात तो आला तेव्हा गुरुनाथने नाक्यांची सगळी हकिकत त्याच्या कानावर घातली.

जयंत गडगडाटी हसला. "काय मर्दा, एवढा शिकलेला तू! अरे, पोलीस बारा-बारा तास उन्हातान्हात उभे असतात. त्यांना लाल दाढीच काय, हत्तीसुद्धा दिसेल."

"तू घेऊन जा गाडी. लेहला जा. पण..."

"पण काय?"

गुरुनाथच्या जिभेवर पत्र आलं होतं. ते सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर जयंतने कदाचित गाडी नेली नसती, आणि ती पुन्हा याच अंगणात उभी राहिली असती.

"पण मागची सीट बसवून घे आधी," तो म्हणाला. "मी सांगतो तरलोक सिंगला."

गाडी गेली त्या सकाळी त्याला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फाटकाशी उभा राहून तो रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिला. चौदा महिने हातांनी घडवलेलं काहीतरी दुसऱ्याच्या हाताखाली गुरगुरत निघून गेलं. आत येऊन त्याने भिंतीवरचा नकाशा काढला आणि गुंडाळी करून माळ्यावर टाकला. लाल पेन्सिलीची रेघ मात्र डोळे मिटले की दिसायची. मनाली, केलाँग, दारचा, बारालाचा...

नाक्यांवर त्याला कुणी अडवेनासं झालं. तो आता संस्थेच्या बसने जायचा. इन्स्पेक्टरही फिरकला नाही, संचालकांनी प्रकरण मिटवलं. ऑगस्टमध्ये जयंत रजा घेऊन लेहला निघाला. त्या आठ-दहा दिवसांत गुरुनाथला एकच त्रास झाला. दुपारी डबा खाल्ला की टेबलावरच त्याचा डोळा लागायचा, आणि जागा झाला की गुडघे आखडलेले असायचे. शुभदा म्हणाली, पावसाळी हवा आहे, वात असेल.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी जयंत आला. चेहरा रापलेला, नाकाची साल निघालेली. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून त्याने शुभदाच्या हातचे पोहे दोनदा मागून घेतले आणि सगळा प्रवास सांगितला. वितळत्या बर्फाचे नाले, चढावर धापा टाकणारे ट्रक, गाडीने एकदाही न केलेली कुरकुर. गुरुनाथ भुकेल्यासारखा ऐकत होता.

"आणि नाके?" त्याने शेवटी विचारलंच.

"अरे, हिमाचलात कसली आलीय बंदी? तिथे मागे कुणी बसलं तरी कुणाला पत्ता नाही. म्हणून तर मी निवांत होतो." जयंतने चहाचा घोट घेतला. "एका ठिकाणी तेवढा अडवला. दारचाच्या चौकीवर. तिथला पोलीस म्हातारा होता, चांगला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, साहेब, फौजी आहात, तुम्हीच असा कायदा मोडलात तर कसं? म्हटलं, काय मोडलं बाबा?"

तो थांबला. हसावं की नाही हे त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"म्हणाला, ट्रिपल सीट."

फाटकाबाहेर जयंतने लावलेली गाडी उन्हात तापत होती.

"मी म्हटलं, कुठे आहेत बाकीचे दोघे? तर म्हणाला, आत्ता तर होते. मागच्या टोकाला लाल दाढीवाला गोरा." जयंतने गुरुनाथकडे पाहिलं आणि नजर कपात वळवली. "आणि मधे एक चष्मेवाला. बारकासा. तुझ्यासारखाच म्हण ना. थंडीने कुडकुडत होता, म्हणाला. अंगात मोरपंखी स्वेटर, गळ्याशी पांढरी पट्टी. काय मर्दा, भंकस नुसती... तुझ्याकडे तसला स्वेटर आहे का रे?"

"नाही," गुरुनाथ म्हणाला. "मोरपंखी माझ्याकडे काहीच नाही."

शुभदा उठली. आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात कागदी पिशवी होती, दुकानात बांधलेल्या दोऱ्याची गाठही न सोडलेली. तिने ती गाठ सोडली आणि पिशवी तिपाईवर उपडी केली.

मोरपंखी लोकरीच्या आठ लडी होत्या आणि एक पांढरी.

"काल सेक्टर बावीसमधून आणली," ती गुरुनाथकडे न बघता म्हणाली. "तुम्हाला सांगायचं नव्हतं. अजून एक टाकासुद्धा घातलेला नाही."